सिरप पाजून सोडलेली मुलगी

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. मी माझ्या तापलेल्या मुलीला सिरप पाजून घोडियाघरात सोडलेलं आहे. एकदा नाही, बऱ्याचदा.

घोडियाघर म्हणजे पाळणाघर. आम्ही खानदेशातले, पण सुरतेत बारा वर्षं काढल्यावर तोंडात घोडियाघरच बसलं. भेस्तानला आमच्या सोसायटीच्या तिसऱ्या गल्लीत हंसाबेन त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर ते चालवतात. चौदा-पंधरा मुलं, दोन मदतनीस बायका, एक झोपाळा आणि भिंतीवर रंग उडालेला हत्ती. आमच्यासारख्या कामावर जाणाऱ्या बायकांचा सगळा संसार त्या हत्तीच्या भरवशावर चालतो.

सिरपचं गणित आम्हां सगळ्या आयांना पाठ होतं. साडेसातला पाजलं की सव्वाआठला अंग गार. दारात मूल हसत आत जातं. बाराच्या सुमाराला ताप परत चढतो, हंसाबेनचा फोन येतो, आणि आपण फोनवर आश्चर्याने म्हणायचं, "अहो, सकाळी तर एकदम ठणठणीत होती!" तोपर्यंत अर्धा दिवस भरलेला असतो. मग सुपरवायझरही तोंड वाकडं करून सोडतो.

मी कापड तपासायचं काम करते. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट असते, वरून कापड सरकत जातं, आणि कुठे धागा तुटला, कुठे डाग पडला ते पाहून खूण करायची. दिवसभर हेच. माझ्या नजरेतून केसाएवढा दोष सुटत नाही, असं आमच्या खात्यात म्हणतात. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे माझ्या नजरेची जी फजिती झाली ती कळायला हवी.

पोर भरली

आरू तेव्हा तीन वर्षांची होती. जन्मापासून काडीसारखी. गावी गेलं की बायका तिचं मनगट दोन बोटांत धरून माझ्याकडे बघायच्या, आणि मला जमिनीत शिरावंसं वाटायचं. तर गेल्या वर्षी अचानक तिचा चेहरा भरायला लागला. गाल वर आले, पाय गुबगुबीत झाले, पोट गोल झालं. मी हरखून गेले. रोज नव्या फ्रॉकमध्ये फोटो काढून गावी पाठवायला लागले.

सासूबाई पारोळ्याजवळ गावी असतात. व्हिडिओ कॉलवर त्यांनी नातीला पाहिलं आणि ओट्यावर बसलेल्या सगळ्या बायकांना फोन दाखवला. "देखा वं, पोर कशी भरी उनी! सुरतनं पानी मानवनं तिले." मग मला दम भरला, "काळं टिकं लाव, नजर लागी जाई." मी मीठ-मोहरी ओवाळून दृष्टही काढली. आरूचे पप्पा लूमच्या कारखान्यात बारा तासांच्या पाळीत असतात. ते घरी आले की तिला उचलून म्हणायचे, "वजन वाढनं!" आम्ही तिघंही जवळजवळ तीन आठवडे नुसते खूश होतो.

हंसाबेन मात्र तिला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघत होत्या. एक दिवस घ्यायला गेले तर त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं आणि आरूचा मोजा खाली केला. पायावर मोज्याच्या रबराचा खोल वळ होता. त्यांनी नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला.

"आ जाडी नथी थई, वैशालीबेन," त्या हळूच म्हणाल्या. "आ सोजो छे." ही जाड झालेली नाही, ही सूज आहे. सकाळी डोळे उघडत नाहीत इतके फुगतात, संध्याकाळी उतरतात, हे त्या चार दिवस टिपत होत्या.

मी तो खड्डा बघत राहिले. इतके दिवस मी ज्याचे फोटो पाठवत होते, ते हे होतं. माझी मलाच इतकी लाज वाटली की रडूसुद्धा आलं नाही.

दवाखाना

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. लघवी तपासली, रक्त घेतलं, आणि दुपारी डॉक्टरमॅडमनी आम्हाला बसवून सांगितलं की तिच्या किडनीतून शरीराला लागणारं प्रोटीन गळतंय. आजाराचं नाव नेफ्रोटिक सिंड्रोम. नाव मी कागदावर लिहून घेतलं, दोनदा चुकवलं.

'किडनी' ऐकल्याबरोबर आरूच्या पप्पांनी सरळ विचारलं, "माझी बसंल का तिला?" ते बाही वर करून उभेच राहिले होते. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांचा आवाज मऊ झाला. म्हणाल्या, तसलं काही नाही. लहान मुलांचा हा आजार बहुतेक वेळा औषधाने आटोक्यात येतो. अधूनमधून परत डोकं काढतो, पुन्हा आवरावा लागतो, आणि मुलं मोठी होता होता त्यातून सुटतात. वेळ लागेल, धीर धरा.

अकरा दिवस आम्ही तिथे होतो. रोज सकाळी वजन व्हायचं. लघवी मापात धरायची आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहायची. जेवण बिनमिठाचं. आरू पहिल्या घासाला थू करायची, मग भुकेने खायची. मी पहिले दोन दिवस पलंगाच्या दांड्याला डोकं टेकून बसून होते.

शेजारच्या पलंगावर बारडोलीकडच्या मंजुबेन होत्या. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला हाच आजार तिसऱ्यांदा उलटला होता आणि तो सलाइनचा स्टँड ढकलत वॉर्डभर बस चालवत होता. मंजुबेन उसाच्या शेतावर मजुरी करायच्या, पण त्या वॉर्डात मुकादम वाटायच्या. कोणती सिस्टर हळू सुई टोचते, कोणत्या नळाला प्यायचं पाणी येतं, सगळं त्यांना माहीत. मला रडताना पाहून त्या म्हणाल्या, "रडी ले, बेन. पछी चा पीए." आधी रडून घे, मग चहा पिऊ. खरंच तसंच केलं. मी पोटभर रडले आणि त्यांनी आणलेला चहा प्याले. त्या चहाची मला अजून आठवण येते.

नळी बघायला त्यांनीच शिकवलं. सकाळची लघवी काचेच्या नळीत घ्यायची आणि दवाखान्याने दिलेल्या बाटलीतले थेंब टाकायचे. पाण्यासारखी स्वच्छ राहिली तर छान. दुधासारखी पांढुरकी झाली तर प्रोटीन गळतंय, लागोपाठ दिसलं तर दवाखाना गाठायचा. आणि हे घरी गेल्यावर रोज करायचं, पुढे कित्येक महिने. नळी उजेडासमोर धरून बघताना मला बरं वाटलं. आयुष्यभर जे काम केलं ते शेवटी माझ्या लेकीसाठी उपयोगाला आलं. नवव्या दिवशी नळी पहिल्यांदा स्वच्छ निघाली तेव्हा मंजुबेनने आख्ख्या वॉर्डाला पारले वाटले.

भूक

औषधाने सूज उतरली आणि भूक चढली. अशी भूक मी जन्मात पाहिली नाही. आरू उठल्या उठल्या भाकरी मागायची. भाकरी खाऊन झाली की विचारायची, जेवायला काय आहे? एकदा शेजारच्यांचा कुकर शिजत होता, तर शिट्टी ऐकून ही ताटली घेऊन त्यांच्या दारात.

सासूबाई गावाहून आल्या होत्या. नातीला अळणी खावं लागतं म्हटल्यावर त्यांनी जाहीर केलं की आजपासून मीही मीठ सोडलं. आम्हाला भरून आलं. वांग्याचं भरीत अळणी, खिचडी अळणी, वरण अळणी, आणि त्या डोळे मिटून गिळायच्या. तिसऱ्या दिवशी मी साखर मागायला शेजारी गेले तर सासूबाई त्यांच्या स्वयंपाकघरात उभ्या, हातात कैरीचं लोणचं. "एक फोडच खादी मी, माय," म्हणाल्या, पण बोटं पाचही लाल होती. मी आणि शेजारीण पोट धरून हसलो, मग त्याही हसायला लागल्या. त्या दिवशी घरात मीठ परत आलं, फक्त आरूच्या ताटात नाही. महिन्याभराने मॅडमनी तिलाही थोडं सुरू करायला सांगितलं.

पाठवायचं की नाही

औषध कमी होत गेलं तशी मॅडम म्हणाल्या, मुलांमध्ये राहू दे, कोंडून ठेवू नका, फक्त आजारी मुलांपासून लांब ठेवा. साध्या सर्दीनेसुद्धा आजार उलटू शकतो. ऐकायला सोपं वाटलं. पण घोडियाघरात आजारी मूल कोणतं हे कळायचं कसं? तिथे तर सगळीच मुलं सकाळी ठणठणीत असतात!

तरी मी पाठवलं. सासूबाईंना कापसाच्या वेचणीला गावी परत जायचं होतं, माझी रजा संपली होती, आणि आरू तर रोज दाराशी चप्पल घालून उभी राहायची. ही पोर घरात अहिराणी ऐकते आणि हट्ट गुजरातीत करते. "मारे जवुं छे! घोडियाघर जवुं छे!" मला जायचंय, घोडियाघरात जायचंय.

दहा दिवस मजेत गेले. अकराव्या दिवशी संध्याकाळी मी तिला घ्यायला गेले तेव्हा ती जिया नावाच्या छोट्या मैत्रिणीच्या गळ्यात गळा घालून बसली होती. मी जियाला उचलून बाजूला केलं आणि तिच्या फ्रॉकच्या गळ्याचा वास आला. गोड, संत्र्यासारखा. तो वास मला न ओळखायला काय झालं? माझ्याच ओट्यावर तीच बाटली होती. तिचं कपाळ भट्टीसारखं तापलेलं, मुलांच्या गर्दीत अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी आरूला सर्दी-ताप, आणि सर्दीच्या आठव्या दिवशी नळी पांढरी. नवव्या दिवशीही पांढरी, दहाव्या दिवशीही. परत औषधाचा मोठा डोस, परत सूज, परत पहिल्यापासून.

मला जियाच्या आईचा, भारतीचा, इतका राग आला की तिच्या घरापर्यंत चालत गेले. दार तिनेच उघडलं. अंगात कामाचेच कपडे, हातात पीठ. मी काय बोलणार होते? जे तिने केलं ते मी केलेलं होतं, आणि माझ्या आरूने कुणाच्या मुलाला ताप दिला असेल याचा मी कधी विचारही केला नव्हता. जियाचा ताप उतरला का, एवढं विचारून मी परत आले.

घरी भांडण ठरलेलंच होतं. आरूचे पप्पा म्हणाले, "तू काम सोडी दे." मी म्हटलं, "मी कसाले सोडू? तुम्ही सोडा." दोघंही खरं तर घाबरलेलो होतो, पण घाबरलो म्हणायला कुणी तयार नव्हतं. दोन दिवस आम्ही आरूमार्फत बोललो. "पप्पांना सांग, डाळ संपली." आणि ती निरोप नेऊन द्यायची, वर स्वतःच्या मनाने म्हणायची, "मम्मी कट्टी छे."

रविवारी

शेवटी मी हंसाबेनना सांगितलं की मला सगळ्या आयांशी बोलायचंय. रविवारी सुट्टी असते, तेव्हा त्या हत्तीखाली आम्ही अकराजणी चटईवर बसलो. सगळ्यांना वाटलं मी भारतीवर खेकसणार. भारती तर आधीच डोळे पुसत होती.

मी उभी राहिले आणि ही पहिल्या ओळीतली कबुली तिथे दिली. मी सिरप पाजून मुलगी सोडलेली आहे. साडेसातला पाजायचं, सव्वाआठला सोडायचं, बाराला आश्चर्य करायचं.

मग मागून एकीने विचारलं, "साडेसातला? मी तर सातला देते. रिक्षाला वेळ लागतो ना."

आणि बांध फुटला. एक म्हणाली, मी ओला रुमाल लेकराच्या काखेत ठेवून आणते, दारात काढून घेते. एकीने मुलाचं गळणारं नाक 'मिरची खाल्ली' म्हणून खपवलं होतं, ते मूल दहा महिन्यांचं! हंसाबेन एकेकीकडे बघत होत्या आणि कपाळावर हात मारत होत्या. भारती रडता रडता हसायला लागली. त्या दिवशी इतकं हसलो की वरच्या मजल्यावरून हंसाबेनचे मिस्टर काय झालं बघायला खाली आले.

हसून झाल्यावर प्रश्न तिथेच होता. खरं सांगितलं तर मूल ठेवायचं कुठे? तेव्हा कल्पनाताई बोलल्या. त्या मूळच्या वऱ्हाडातल्या मलकापूरच्या. घरी बसून साड्यांचे धागे कापतात. मशीनवर भरतकाम झालं की साडीच्या मागे लोंबते धागे राहतात, ते कात्रीने साफ करायचे. बाजारातून साड्यांचा गठ्ठा येतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत जातो. त्यांची धाकटी अर्धा दिवस शाळेत आणि उरलेला वेळ घोडियाघरात असते, मोठा गठ्ठा हातात असला की घरात मूल नको म्हणून.

"आजारी लेकरू माह्याजवळ ठिवा," त्या म्हणाल्या. "मी घरीच असतो. पन मंग माह्या साड्याइचे धागे कोन कापीन?"

"आम्ही," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते निघून गेलं, पण कुणी नाही म्हटलं नाही.

अशी आमची पद्धत ठरली. ज्या दिवशी एखादं आजारी मूल कल्पनाताईंकडे बसेल, त्या संध्याकाळी बाकीच्यांनी त्यांच्या गठ्ठ्यातल्या चार-चार साड्या घरी न्यायच्या आणि सकाळी कापून द्यायच्या. हंसाबेननी एकच अट घातली. "दरवाजे साचुं बोलवानुं. कोई वढशे नहीं." दारात खरं बोलायचं, कुणी रागावणार नाही.

पहिला आठवडा एकही मूल आजारी पडलं नाही, आम्ही एकमेकींकडे संशयाने बघायला लागलो. दुसऱ्या आठवड्यात एकदम तिघं. कल्पनाताईंनी एकाला साड्यांच्या ढिगावर झोपवलं, एकीला कात्री न देता नुसते तुटके धागे गोळा करायला बसवलं आणि तिसऱ्याला कडेवर घेऊन काम केलं. त्या संध्याकाळी आमच्या घरात आरूचे पप्पासुद्धा चष्मा लावून धागे कापत होते. बारा वर्षं लूमवर काढलेला माणूस, म्हणतो, "कापडनी मागली बाजू इतली नाजूक ऱ्हास, माले ठाऊकच नही." त्यांच्या चार साड्यांतले सुटलेले धागे नंतर मी कापले, तो भाग वेगळा.

सर्दी

आरूची नळी स्वच्छ झाली, औषध उतरत गेलं, आणि थंडीत तिला स्वतःला सर्दी झाली. मी रोज ज्याची भीती बाळगत होते ते आलं. पहिल्या सकाळी मी दारात सांगितलं, "आज आरू आजारी आहे," आणि तिला कल्पनाताईंकडे नेलं. मॅडमना फोन केला, त्यांनी काय द्यायचं ते सांगितलं. दिवसभर टेबलावरून कापड सरकत होतं आणि मला त्यात काही दिसत नव्हतं. दोन ताग्यांतले दोष सुटले, आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी नळी स्वच्छ. तिसऱ्या दिवशी ताप नाही, नळी स्वच्छ. मी आनंद करायला घाबरत होते, कारण मागच्या वेळी आठव्या दिवशी पांढरी झाली होती. सातव्या दिवशी स्वच्छ. आठव्या दिवशी मी नळी घेतली, पण उजेडासमोर धरेना, तेव्हा आरूच्या पप्पांनी ती माझ्या हातून घेतली आणि खिडकीशी गेले. बराच वेळ बघत राहिले. मग वळून म्हणाले, "पानी शे." पाण्यासारखी आहे.

नवव्या, दहाव्या दिवशीही तेच. मॅडम म्हणाल्या, पाठवा. फक्त नाक अजून थोडं ओलं होतं, शेंबूड नाही, नुसतं ओलं. आणि मी अडून बसले. आणखी दोन दिवस कल्पनाताईंकडे राहू दे, म्हटलं. किंवा चार. मनात आलं, कायमचंच राहू दे, काय बिघडतं? मला खरंच तिला सोडवत नव्हतं.

आणि आरूचे पप्पा, काम सोड म्हणणारा हाच माणूस. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. खाली बसला आणि तिच्या पायात बूट चढवायला लागला. "कितला दिन घरमा कोंडी ठेवशी? जाऊ दे तिले."

मी तिचं नाक पुन्हा एकदा पुसलं. तिची पिशवी उचलली.

दारात हंसाबेन उभ्या होत्या. मी खरं खरं सांगितलं: सर्दी होऊन दहा दिवस झाले, ताप नाही, नळी स्वच्छ, डॉक्टरांनी हो म्हटलंय, पण नाक अजून थोडं ओलं आहे. त्यांनी वाकून आरूचं नाक पाहिलं, डोळ्यांखाली पाहिलं, मोजा खाली करून नडगी दाबली. अंगठा उचलला तर खड्डा नव्हता. त्या बाजूला झाल्या. आरूने माझा हात कधी सोडला ते मला कळलंच नाही. आतून जियाची किंकाळी ऐकू आली, मग दोघींची.

मी तिथेच उभी. हंसाबेननी दार अर्धं लावलं, मग परत उघडून माझ्याकडे पाहिलं.

"ने तमे? तमे केम छो?"

इतके महिने सगळ्यांनी आरूचं विचारलं होतं, आणि ते बरोबरच होतं. मी कशी आहे हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. आणि त्या दारात उगाच काहीतरी बोलायची सोय राहिली नव्हती.

"मजामां," मी म्हटलं.

आणि होतेच मी मजेत. कामाला वीस मिनिटं उशीर झाला होता, आणि रस्त्याने मी जवळजवळ पळत, हसत गेले.